रोवळीतला सिनेमा

मादामच्या स्वयंपाकघरात गॅसच्या वर एका खिळ्याला अ‍ॅल्युमिनियमची रोवळी टांगलेली असे. १९९७ च्या सप्टेंबरात मी पुण्याहून लिओंला शिकायला आले आणि शहराला चिकटून असलेल्या व्हीलर्बानमध्ये त्यांच्या घरातली मागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच रविवारी भात लावायचा म्हणून मी ती रोवळी काढली, तर मादाम हसायला लागल्या. म्हणाल्या, "ह्याच्यातून माझा मुलगा सिनेमा बघायचा."

मला वाटलं, माझं फ्रेंचच कच्चं. तीन वर्षं पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये क्रियापदं घोकूनही रोवळी आणि सिनेमा हे दोन शब्द एका वाक्यात कसे आले ते कळेना. मग त्यांनी करूनच दाखवलं. रोवळी डोळ्यांसमोर धरली, जोरजोरात डावी-उजवीकडे हलवली, आणि एक डोळा बारीक करून टीव्हीच्या दिशेने पाहिलं. टीव्ही बंद होता. तरी त्या दोन मिनिटं तशाच बघत उभ्या होत्या.

नंतर कळलं की ह्या घरातलाच हा वेडेपणा नव्हता. १९८४ नंतरची चार-पाच वर्षं फ्रान्समधल्या कितीतरी शाळकरी पोरांनी हा प्रयोग केलेला आहे. आजही पन्नाशीतल्या कुठल्याही फ्रेंच माणसासमोर 'कानाल प्ल्यूस', म्हणजे एक टीव्ही वाहिनी, आणि 'पास्वार', म्हणजे रोवळी, हे शब्द लागोपाठ उच्चारा, तो हसतोच. उत्तरेकडच्या बायका चाळणीतून चंद्र बघतात, तशी ही पोरं रोवळीतून बेलमोंदो ह्या नटाला बघत होती.

कानाल प्ल्यूस ही फ्रान्सची चौथी वाहिनी आणि पैसे भरून बघायची पहिली. पैसे न भरणाऱ्याला तिचं चित्र विस्कटलेलं दिसायचं. मी तिच्यावर लिहायला बसले आहे, पण आधी एक कबुली द्यायला हवी. अठ्ठावीस वर्षं ह्या देशात राहून मी तिला एक पैसाही दिलेला नाही. म्हणजे हा इतिहास एका फुकट्या प्रेक्षकानं लिहिलेला आहे. पण फुकट्यांना त्या वाहिनीच्या गोष्टीत जी जागा आहे, ती वर्गणीदारांच्या जागेपेक्षा फारशी लहान नाही असं माझं मत आहे.

ही वाहिनी सुरू झाली ४ नोव्हेंबर १९८४ ला, रविवारी सकाळी आठ वाजता. ती तारीख पहिल्यांदा वाचली तेव्हा मी थबकले. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इंदिरा गांधींचे अंत्यसंस्कार झाले होते. मी दहा वर्षांची होते. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात टीव्ही एकाच बिऱ्हाडात, म्हणजे जोशीकाकूंकडे. सिंहगडावरच्या टॉवरवरून जे काही खाली यायचं ते सगळ्या वाड्याचं. त्या दिवशी काकूंच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि पडद्यावर चितेचा धूर होता. आम्ही पोरं रडायचं की नाही ते मोठ्यांच्या तोंडाकडे बघून ठरवत होतो. दुसऱ्याच्या टीव्हीसमोर मांडी घालून बसण्याचा माझा सराव तिथला. तिकडे, मादामचा मुलगाही तेव्हा दहाच वर्षांचा होता.

फ्रान्समध्ये त्या वेळी तीन वाहिन्या होत्या आणि तिन्ही सरकारी. १९८२ च्या कायद्यानं कार्यक्रमांवरची सरकारी मक्तेदारी कागदोपत्री संपली होती. चौथी वाहिनी काढायची हे राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांनी ठरवलं होतं, पण तिच्यावर दाखवायचं काय ह्यावर बराच घोळ चालला. शैक्षणिक असावी, सांस्कृतिक असावी, असे शहाणे विचार पुढे आले. ते मागे पडले ते एका माणसामुळे. त्याचं नाव आंद्रे रुसले. हे गृहस्थ मितेराँचे जुने स्नेही, गोल्फमधले जोडीदार आणि त्यांच्या कार्यालयाचे पूर्वीचे प्रमुख. शिवाय पॅरिसमधल्या टॅक्सींच्या सर्वांत मोठ्या कंपनीचे, जे-सेतच्या धंद्याचे मालक. ह्या वेळी ते आव्हास ह्या जाहिरात आणि प्रसिद्धीतल्या बड्या कंपनीच्या प्रमुखपदी होते. टॅक्सीवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, मीटर पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही. अमेरिकेत १९७२ पासून एचबीओ हेच करत होती. रुसले यांनी तेच उचललं. नवे सिनेमे, फुटबॉल, आणि महिन्याची वर्गणी. डिसेंबर १९८३ मध्ये सरकारशी करार झाला. प्येर लेस्क्यूर आणि आलँ द ग्रेफ ही दोन माणसं कार्यक्रम उभे करायला लागली.

ह्यातली एक तांत्रिक गोष्ट मला फार आवडते. नव्या वाहिनीला लहरी कुठल्या द्यायच्या? तर मेलेल्या टीव्हीच्या. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सनं एकट्यानं ८१९ रेषांचं चित्र निवडलं होतं. बाकीचा बहुतेक युरोप ६२५ वर थांबला, तेव्हा हे आपले ८१९ वर. मोठ्या अभिमानाचं प्रकरण, पण जगात जवळजवळ कोणी घेतलं नाही. ते प्रक्षेपण शेवटी १९८३ मध्ये बंद झालं आणि ती जागा मोकळी झाली. कानाल प्ल्यूस त्या रिकाम्या घरात बिऱ्हाड करायला आली. म्हणून लोकांना छपरावर पुन्हा वेगळा अँटेना चढवावा लागला. मादामचे यजमान तेव्हा हयात होते. ते छपरावर, मुलगा खिडकीत, आणि मादाम टीव्हीसमोर: आलं का, आलं का, नाही, गेलं. हा संवाद मला भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर वर्गणी न भरता जे दिसेल ते बघायला! कारण महिन्याला १२० फ्रँक ही रक्कम त्यांच्या घराला झेपणारी नव्हती, शिवाय डिकोडरची, म्हणजे विस्कटलेलं चित्र सरळ करणाऱ्या यंत्राची, अनामत वेगळी. पहिल्या दिवशी देशभरात १ लाख ८६ हजारांच्या आसपास वर्गणीदार होते. त्यांना डिकोडरची पेटी मिळे. ती टीव्हीच्या मागच्या एकवीस टाचण्यांच्या खोबणीत लावायची, जी फ्रान्समध्ये विकल्या जाणाऱ्या टीव्हींना १९८० पासून सक्तीची होती. दर महिन्याला पोस्टानं नवा आकडी कोड यायचा, तो पेटीवरची बटणं दाबून भरायचा, की पडदा उघडला. पहिला सिनेमा दाखवला तो जाँ-पोल बेलमोंदोचा 'लास देझास'. फुटबॉलची पहिली मॅच ९ नोव्हेंबरला, नाँत विरुद्ध मोनाको.

ज्यांच्याकडे पेटी नव्हती त्यांना काय दिसायचं? इथे रोवळी येते. ह्या कुलपाचं नाव होतं दिस्क्रे ११. चित्राची प्रत्येक आडवी रेषा ती तीनपैकी एका जागी ठेवायची: जिथे असावी तिथे, किंवा जराशी उजवीकडे, किंवा आणखी उजवीकडे. कुठली रेषा कुठे, हे दर क्षणाला बदलायचं. परिणाम असा की पडद्यावर माणूस आहे हे कळायचं, बाई आहे की बाप्या हेही साधारण कळायचं, पण सगळं फणीनं विंचरल्यासारखं. आवाजाचे वरचे सूर खाली आणि खालचे वर केलेले असत, त्यामुळे मोठमोठे नट पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या बदकांसारखे बोलायचे. पोरांचा सिद्धान्त असा की रोवळी भराभर हलवली की भोकांतून येणारे तुकडे डोळ्यात एकमेकांवर बसतात आणि रेषा जुळतात. ह्यात तथ्य किती, ह्यावर माझ्या प्रयोगशाळेत एकदा दुपारच्या कॉफीवर दोन भौतिकशास्त्रज्ञ खरोखर भांडले होते. एकाचं म्हणणं, डोळा सरासरी काढतो, थोडं दिसणारच. दुसरा म्हणाला, तुला जे बघायचं होतं ते तुला दिसलं.

ज्यांना रोवळीवर भरवसा नव्हता, त्यांनी झाळकाम शिकून घेतलं. 'रादिओ प्लाँ' नावाचं हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं मासिक होतं. वाहिनी सुरू होऊन महिना झाला नाही तोच, डिसेंबर १९८४ च्या अंकात, डिकोडर घरी कसा बनवायचा ह्याची आकृती छापायचं त्यांनी ठरवलं. वाहिनीनं कोर्टात जाऊन ते अडवलं. अडवल्यामुळे काय झालं ते तुम्हीही सांगाल. फोटोकॉपी निघाल्या आणि हातोहात फिरल्या. मादामचा भाऊ विजेच्या कारखान्यात होता. त्यानं असा एक डिकोडर बनवला म्हणे. चित्र सरळ व्हायचं, पण आवाज बदकाचाच राहायचा.

वाहिनीची खरी अक्कल मात्र वेगळ्याच गोष्टीत होती. दिवसातले काही तास वाहिनी कुलूप काढून ठेवायची. फ्रेंचमध्ये ह्याला 'आँ क्लेर' म्हणतात, 'क्लेर' म्हणजे स्वच्छ, उजेडातलं. दुपारी आणि संध्याकाळी, जेवणाच्या वेळेला, सगळ्यांसाठी दार उघडं. हेतू धंद्याचाच होता. दुकानदार शोकेसमध्ये बरा माल मांडतो, तसं. पण झालं असं की ह्या दुकानाची शोकेसच दुकानापेक्षा प्रसिद्ध झाली. १९८७ पासून 'न्युल पार आयर' सुरू झालं, म्हणजे 'इतरत्र कुठेही नाही'. त्यात गप्पा, गाणी, थट्टा, आणि मध्येच एखादा पाहुणा अवघडून बसलेला. लाजबीज न बाळगणारं, जरा आगाऊ, कुणाच्याही पदराला हात घालणारं एक हसू तिथे तयार झालं. त्याला लोक 'कानालचा स्वभाव' म्हणायला लागले. आज पन्नाशीच्या पुढच्या फ्रेंच माणसांना त्या काळाबद्दल जे उमाळे येतात, ते कुलपाआडच्या सिनेमांबद्दल नसतात. ते ह्या फुकट तासांबद्दल असतात.

आणि त्यातही 'ले गिन्योल'बद्दल. रात्री आठच्या थोडं आधी, सात-आठ मिनिटं, रबरी बाहुल्यांच्या बातम्या. १९८८ मध्ये सुरू झाल्या. माझं खरं फ्रेंच मी तिथे शिकले. रानडेमध्ये मला 'कृपया मला मीठ द्याल का' हे तीन प्रकारांनी म्हणता येत होतं, पण प्रयोगशाळेत लोक कशाला हसतात ते कळायचं नाही. मग मादामबरोबर रोज संध्याकाळी सूप पीत मी त्या बाहुल्या बघायला लागले. पहिला महिनाभर मादाम हसायच्या आणि मी त्यांच्याकडे बघून हसायचे. मंत्र्यांची नावं मला बाहुल्यांवरून पाठ झाली. पुढे खरा मंत्री टीव्हीवर दिसला की हा जरा कमी रबरी आहे एवढंच वाटायचं. सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या चेहऱ्याचा एक बाहुला होता. तो कधी सेनापती, कधी बँकवाला, कधी बिशप, आणि नेहमी 'वर्ल्ड कंपनी' नावाच्या एका सर्वव्यापी कंपनीचा माणूस. १९९५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जाक शिराक यांच्या प्रचारचिन्हात सफरचंदाचं झाड होतं. बाहुल्यांनी त्याचं 'सफरचंदं खा' हे एक बिनडोक घोषवाक्य करून टाकलं, आणि ते इतकं पसरलं की शिराक यांना त्याचा फायदाच झाला असं लोक अजून म्हणतात. बातम्या संपल्या की निवेदकाचा बाहुला सांगायचा की तुम्ही टीव्ही फार बघता, शुभ रात्री.

गिन्योल हा मुळात आमच्या लिओंचा. ('आमच्या' म्हणायला मला दहा वर्षं लागली.) एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोराँ मुर्गे नावाचा एक बेकार झालेला रेशीम विणकर इथे रस्त्यावर दात उपटायचं काम करायचा. गिऱ्हाईक जमावं आणि त्याचा ओरडा इतरांना ऐकू येऊ नये म्हणून तो बाहुल्यांचा खेळ लावायचा. त्यातून हा गिन्योल जन्मला: तिरकस बोलणारा, मालकाला आणि पोलिसाला दांडक्यानं बडवणारा कामगार. खेळ फुकट आणि दात उपटण्याचे पैसे. कानाल प्ल्यूसचा सगळा हिशेब मला मुर्गेच्या त्या खुर्चीशेजारी मांडलेला दिसतो.

साडेआठच्या सुमाराला मात्र दार लागायचं. मला ते क्षण आठवतात. मादाम ताटल्या उचलत असायच्या, आणि पडद्यावर सिनेमाची पहिली चौकट येऊन एकदम चिंध्या व्हायची. माझ्या वेळेपर्यंत कुलूप बदललं होतं. नव्या पद्धतीत रेषांची पत्त्यांसारखी पिसाई व्हायची, त्यामुळे रोवळीही निरुपयोगी. मादाम न बघताच रिमोटचं दुसरं बटण दाबायच्या. महिन्यातल्या एका शनिवारी मध्यरात्री तिथे प्रौढांसाठीचा सिनेमा लागायचा, हे मला देशातल्या प्रत्येक पुरुषानं स्वतःहून आणि स्वतःचा काही संबंध नसल्याच्या आविर्भावात सांगितलेलं आहे. १९८५ पासूनची प्रथा. रोवळीची मागणी त्या रात्री सर्वांत जास्त असणार.

ह्या बंद दारामागे जे चाललं होतं ते मला शोकेसमधून दिसलंच नाही. ते थिएटरात दिसलं. प्रयोगशाळेतून घरी जाताना विद्यार्थ्याच्या सवलतीत मी आठवड्याला एखादा सिनेमा बघायचे. लिओंमध्ये ते जरा धर्मकृत्यासारखंच आहे. ल्युमिएर बंधूंचा कारखाना इथलाच, त्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचं १८९५ चं ते चित्र इथलंच, आणि त्या रस्त्याचं नावच आता 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता' आहे. त्यांच्याच माणसानं पुढच्या जुलैत मुंबईला वॉटसन हॉटेलात खेळ लावला. तर ह्या सगळ्या फ्रेंच सिनेमांच्या सुरुवातीला, काळ्या पडद्यावर, एक ओळ हमखास यायची: कानाल प्ल्यूसच्या सहभागानं. विनोदी असो, रडका असो, तीन माणसं एका खोलीत दोन तास सिगारेटी ओढतात असा असो, ही ओळ असायचीच. कुठेतरी पाहिल्यासारखी वाटायची. मग आठवलं. १९९१ च्या 'टर्मिनेटर टू'च्या श्रेयनामावलीत हे नाव होतं. पुण्यात तो सिनेमा मैत्रिणींबरोबर दोनदा बघितला होता. वाहिनीनं त्या वेळी हॉलिवूडमधल्या कॅरोल्को कंपनीत पैसे घातले होते, त्याचा तो शेपटासारखा उरलेला पुरावा.

हा सहभाग दानधर्म नव्हता, अट होती. चौथी वाहिनी येते आहे म्हटल्यावर थिएटरवाले आणि निर्माते घाबरले, आणि ते स्वाभाविक होतं. घरबसल्या नवा सिनेमा दिसला तर तिकीट कोण काढेल? तेव्हा सरकारनं सौदा घालून दिला. वाहिनीला सिनेमा प्रदर्शित झाल्यावर एका वर्षात दाखवता येईल, बाकीच्यांना दोन-तीन वर्षं थांबावं लागायचं. त्या बदल्यात तिनं उत्पन्नाचा निदान पाचवा हिस्सा सिनेमांच्या हक्कांवर खर्च करायचा आणि त्यात फ्रेंच सिनेमाचा वाटा ठरलेला. पुन्हा वेळांचं बंधन. फ्रान्समध्ये नवा सिनेमा बुधवारी लागतो, कारण १९७२ पासून शाळांची आठवड्याच्या मधली सुट्टी बुधवारी असते. म्हणून बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा नाही. शनिवारी दुपारपासून रात्री अकरापर्यंत कानाल प्ल्यूसनंही सिनेमा दाखवायचा नाही. लोकांनी घराबाहेर पडावं म्हणून! हे नियम थेट २०२० पर्यंत ह्या ना त्या रूपात चालले. आपल्याकडे रविवारी संध्याकाळी दूरदर्शनचा सिनेमा लागला की लक्ष्मी रोडवर शुकशुकाट व्हायचा. इथे तो शुकशुकाट होऊ नये म्हणून कायदा केलेला होता.

तरीही थिएटरं रिकामी झालीच. १९८२ मध्ये देशात २० कोटींवर तिकिटं विकली गेली होती, १९९२ मध्ये साडेअकरा कोटींच्या आसपास. ह्याला एकटी ही वाहिनी जबाबदार नाही. व्हिडिओ आले, पुढे खाजगी वाहिन्या आल्या. पण शेजारच्या इटलीत थिएटरांबरोबर सिनेमा बनणंही आटत गेलं, तसं फ्रान्समध्ये झालं नाही. ह्यात ह्या वर्गणीचा हात मोठा आहे. पद्धत साधी होती. निर्माता संहिता घेऊन वाहिनीकडे जायचा. चित्रीकरण सुरू होण्याआधीच वाहिनी प्रक्षेपणाचा हक्क विकत घ्यायची. तो कागद दाखवला की बँक कर्ज द्यायची, ते बघून आणखी कोणी पैसे घालायचं. नव्वदच्या दशकात देशातले बहुतेक सिनेमे ह्या कागदावर उभे राहिले. त्यातले कितीतरी पडले असतील, काही पडायलाच हवे होते. पण पहिला सिनेमा करणाऱ्या पोराला दार ठोठावायला एक दार होतं. आणि पैसे कुणाचे? फुटबॉलसाठी आणि त्या शनिवारसाठी वर्गणी भरणाऱ्या चाळीस लाख घरांचे. माझ्या तीन-माणसं-एका-खोलीत सिनेमांचा खर्च त्यांनी केला. त्यांतल्या किती जणांनी ते सिनेमे बघितले असतील देव जाणे. मी बघितले, ते सवलतीच्या तिकिटात.

मी अशी फुकटात सुखी असताना वरच्या मजल्यावर भांडणं चाललीच होती. खरं तर ती वाहिनीच्या जन्मापासूनची. सुरू होऊन तीन महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १९८५ मध्ये, मितेराँनीच जाहीर केलं की आता खाजगी वाहिन्यांना परवानगी देऊ. त्या फुकट दिसणार असतील तर १२० फ्रँक कोण भरेल? वर्गणीदार थबकले, वाहिनी बुडणार असं सगळे म्हणू लागले. तग धरून ती १९८६ मध्ये दहा लाखांवर गेली. रुसले गेले ते दहाव्या वर्षी. फेब्रुवारी १९९४ मध्ये भागधारकांनी आपसात जुळवून त्यांना एकटं पाडलं. त्यांच्या मते त्यामागे पंतप्रधान एदुआर बालादूर होते. 'ल मोंद' ह्या वर्तमानपत्रात त्यांनी लेख लिहिला, त्याचं शीर्षक मुद्दाम व्याकरण मोडून दिलेलं: एदुआरनी मला मारली. त्या वेळी गाजत असलेल्या एका खून खटल्यात दारावर रक्तानं तसंच चुकीच्या फ्रेंचमध्ये वाक्य लिहिलेलं सापडलं होतं. पंतप्रधानांवर खुनाचा आळ आणि तोही शुद्धलेखनाच्या चुकीसकट! हा माणूस टॅक्सीच्या धंद्यातून आला असला तरी स्वभाव कानालचाच.

दुसरा प्रसंग माझ्या डोळ्यांदेखत झाला. वाहिनी तोपर्यंत व्हिव्हांदीच्या पोटात गेली होती. मूळ पाणीपुरवठा करणारी ही कंपनी २००० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ गिळून जगभर पसरली होती. तिचे प्रमुख जाँ-मारी मेसिए न्यूयॉर्कला राहायला गेले आणि डिसेंबर २००१ मध्ये तिथे म्हणाले की फ्रेंचांचा 'सांस्कृतिक अपवाद' मेला. सिनेमा हा साबणासारखा माल नाही, व्यापार करारात त्याला वेगळं ठेवा, ह्या फ्रेंच हट्टाला तो शब्द आहे. ज्या वाहिनीमुळे तो हट्ट परवडत होता तिच्याच मालकानं हे म्हणावं! पुढे १६ एप्रिल २००२ ला त्यांनी वाहिनीचे प्रमुख प्येर लेस्क्यूर यांना काढून टाकलं. त्या दिवशी वाहिनीच्या लोकांनी प्रक्षेपणच ताब्यात घेतलं आणि स्वतःची निषेधसभा थेट दाखवली. प्रयोगशाळेच्या कॉफीच्या खोलीत आम्ही सगळे उभ्यानं बघत होतो. निवेदक, कॅमेरावाले, हिशेबनीस, सगळे एका हॉलमध्ये, कोणी रडतंय, कोणी ओरडतंय. संप असा टीव्हीवर, टीव्हीच्याच लोकांचा, मी पुन्हा पाहिला नाही. तो मंगळवार होता. रविवारी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली आणि कडवे उजवे ल पेन दुसऱ्या फेरीत गेले, तेव्हा सगळं बोलणं तिकडे वळलं. मेसिए जुलैत गेले. त्या वर्षी व्हिव्हांदीचा तोटा २३.३ अब्ज युरो होता.

त्यानंतरची वर्षं मी भरभर सांगते, कारण मला ती आवडत नाहीत. व्हिव्हांदी व्हेंसाँ बोलोरे ह्या उद्योगपतींच्या ताब्यात आली, आणि २०१५ च्या उन्हाळ्यापासून त्यांनी वाहिनीची झाडाझडती घेतली. जुनी माणसं गेली. बाहुल्या कुलपाआड नेल्या. बाहुल्यांना कुलपाआड ठेवणं म्हणजे मुर्गेनं खेळाला तिकीट लावून दात फुकट उपटण्यासारखं होतं. बघायला कोणी उरलं नाही आणि जून २०१८ मध्ये त्या बंद पडल्या. माझ्यासारखीला ती वाहिनी त्या दिवसापासून नव्हतीच. ह्याच गटातल्या बातम्यांच्या वाहिनीचं जे झालं त्यावर मादाम आणि मी दोघीही जेवताना बोलायचं टाळतो, कारण आमचं मत एक आहे आणि सूप थंड होतं.

पण सिनेमाच्या सुरुवातीची ती ओळ अजून येते, हेही खरं. नेटफ्लिक्स २०१४ मध्ये इथे आलं, मग बाकीचे आले, आणि तो जुना थांबण्याचा खेळ नव्यानं मांडला गेला. २०२२ च्या करारानुसार कानाल प्ल्यूसला सिनेमा सहा महिन्यांनी मिळतो, नेटफ्लिक्सला पंधरा. जो जास्त पैसे घालेल तो कमी थांबेल. मार्च २०२५ मध्ये तीन वर्षांसाठी ४८ कोटी युरोंचा नवा सौदा झाला. तोवर रकमेवरून निर्मात्यांचा जीव टांगणीला लागला होता. बोलोरेंवर तोंडसुख घेणारे कितीतरी दिग्दर्शक त्या पैशांवर सिनेमा करतात. मीही त्यांना नावं ठेवत ते सिनेमे बघते.

आणि मग आला २०२५ चा जून. मादाम ऐंशीच्या झाल्या आहेत. मी त्यांच्या मागच्या खोलीत राहत नाही, दोन रस्ते पलीकडे राहते, पण रविवारचा भात अजून त्यांच्याकडे लावते. त्यांच्याकडे इंटरनेटचा डबा नाही, छपरावरचा अँटेनाच आहे. जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात कानाल प्ल्यूसनं अँटेनावरून निरोप घेतला. सरकारी नियामकानं त्यांच्या गटातल्या एका वाहिनीचा परवाना वाढवून दिला नाही, तेव्हा ह्यांनी आपल्या सगळ्या पैसेवाल्या वाहिन्या तिथून काढून घेतल्या. डब्यावर, उपग्रहावर, फोनवर ती आहे. फक्त हवेतून येत नाही. चाळीस वर्षं चार नंबरच्या बटणावर होती, ते बटण फ्रान्स ४ ला दिलं, ज्यावर दिवसा मुलांचे कार्यक्रम लागतात.

मादामचा मुलगा त्या रविवारी आला होता. एक्कावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, गुडघा दुखावलेला. आईचा टीव्ही नीट लावून देत होता. मी रोवळीत तांदूळ धूत होते. त्याला सहज विचारलं, इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं होतं, की खरंच काही दिसायचं का रे त्यातून?

"छे," तो म्हणाला. "मामाच्या घरी बघून यायचो आणि शाळेत सांगायचो की रोवळीतून बघितलं."

"मला पण तेच सांगायचास," मादाम खुर्चीतून म्हणाल्या.

"तुझी रोवळी घरात नसायची, म्हणून. काहीतरी सांगायला हवं होतं."

मादाम काही बोलल्या नाहीत. त्यांनी चार नंबरचं बटण दाबलं. पडद्यावर एक निळा कुत्रा आणि त्याचे मित्र कुठल्या तरी डबक्यात उड्या मारत होते, अगदी स्वच्छ, रेषा न् रेषा जागच्या जागी. मुलगा स्वयंपाकघरात आला, माझ्या हातातली रोवळी घेतली, तांदूळ पातेल्यात उपडे केले आणि पाणी ठिबकत असतानाच ती डोळ्यांसमोर धरून हलवायला लागला.

"काय दिसतंय?" मादामनी विचारलं.

"थांब," तो म्हणाला.